मुंबई ते न्यूयॉर्क : दोऱ्याची वाट

मुंबईचा विमानतळ ग्रीनिचच्या पूर्वेस सुमारें ७३ अंशांवर आहे, आणि न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ पश्चिमेस जवळजवळ तितक्याच अंशांवर. भूगोल शिकवितांना ही जुळणी आम्ही मुलांस मोठ्या कौतुकानें दाखवीत असूं, आणि भिंतीवरील नकाशावर पट्टी ठेवून अरबस्तान, उत्तर आफ्रिका व अटलांटिक महासागर अशी सरळ वाट आंखून देत असूं.

१९९४ सालीं आठव्या इयत्तेंतील एका मुलानें वर्गांतल्या पृथ्वीगोलावर शिवणाचा दोरा ताणला आणि “गुरुजी, जवळची वाट रशियावरून जाते,” असें सांगितलें. परीक्षेंतही त्यानें तेंच लिहिलें. आम्हीं दोन गुण कापले. वर ‘नकाशा पाहावयास शीक’ असा शेराही मारला.

२०२४ च्या जानेवारींत कन्येकडे जाण्याचा योग आला. रात्रीं दीड वाजतां विमान सुटलें. समोरच्या लहानशा पडद्यावर विमानाचें चिन्ह उत्तरेकडे चढूं लागलें, तें चढतच राहिलें. वैमानिकाची वाट तर चुकली नाहीं ना, अशी शंका आली. मग तो दोरा आठवला, आणि झोंप उडाली ती उडालीच.

कन्येच्या घरीं नातवाचा पृथ्वीगोल घेऊन आम्हीं स्वतः लोकरीचा धागा ताणला. तो सेंट पीटर्सबर्गजवळून, आइसलंडच्या दक्षिणेकडून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोंकाशीं लगटून न्यूयॉर्कास उतरला. ही वाट सुमारें १२,५४० किलोमीटर भरते. आमची पट्टीची वाट तिच्याहून दीड हजारांवर किलोमीटर लांब! ध्रुवाकडे जावें तसतशीं रेखावृत्तें एकमेकांजवळ येतात. सपाट नकाशा तीं ताणून समांतर दाखवितो, आणि आमच्यासारखे मास्तर फसतात. विमान अगदीं धाग्यावरूनच जातें असें मात्र नव्हे. वारे पाहून आणि कलहापायीं बंद झालेलें आकाश टाळून त्यास बाजूस सरावें लागतें.

काळाची मौज निराळीच. प्रवास सुमारें सोळा तासांचा. पण तेथील घड्याळ हिवाळ्यांत आपल्या साडेदहा तास मागें. आपली वेळ साडेब्याऐंशी पूर्व रेखांशाची, त्यांची पंचाहत्तर पश्चिमेची; बेरीज साडेसत्तावन्नशें नव्हे, एकशें साडेसत्तावन्न, आणि दर पंधरा अंशांस एक तास. त्यामुळें दीड वाजतां निघालेले आम्ही त्याच दिवशीं सकाळीं सातांस उतरलों, तेव्हां सूर्य उगवावयाचा होता. वाटेंत सोळा तास रात्रच! प्रातःस्मरण कोणत्या घड्याळानें करावें, तें कळेना. परततांना उंचावरील पश्चिमेचा वारा पाठीशीं असल्यानें दीडएक तास वांचला.

घरीं येतांच त्या विद्यार्थ्याचा पत्ता मिळविला. तो आतां कापडाचें दुकान चालवितो. दोन गुण परत करीत असल्याचें आम्हीं त्यास लिहिलें. त्याचें उत्तर आलें आहे. त्यांत दुकानाची हकीकत आहे, आमच्या प्रकृतीची चौकशी आहे, आणि त्या शेऱ्यापायीं वडिलांच्या हातचा मार बसला होता, असें शेवटीं एका ओळींत आहे.