वैशाखातले साडेचार गिगाहर्ट्झ

आमच्या घरातल्या संगणकाला ऋतू आहेत. पौषात तो ४.५ गिगाहर्ट्झवर बिनतक्रार धावतो. वैशाख लागला की मी त्याला ४.२ वर उतरवतो. नागपुरात पारा ४५ अंशांना टेकला की खिडकीतला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर माणसांपुरती खोली निववतो, पण दुपारी लाइन जाऊन परत येईपर्यंत भिंतीसुद्धा तापलेल्या असतात. प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याच्या नळ्यांचा केवढाही मनोरा बसवा, त्याचा पंखा शेवटी खोलीतलीच हवा फेकणार, आणि हवेवर थंड होणारी वस्तू हवेहून थंड होत नाही. म्हणून बायॉसमध्ये शिरून मल्टिप्लायर ४५ चा ४२ करायचा, व्होल्टेज जरा खाली आणायचं आणि मृगाची वाट बघायची.

हा प्रोसेसर म्हणजे इंटेलचा कोअर आय५-२५००के. जानेवारी २०११ मध्ये बाजारात आलेला, ३२ नॅनोमीटरचा, चार कोअरांचा. कागदावरचा मूळ वेग ३.३, चारही कोअर एकदम जुंपले तर ३.४. नावातला शेवटचा ‘के’ महत्त्वाचा. ज्या प्रोसेसरला तो असतो त्याचा मल्टिप्लायर कंपनी खुला ठेवते : १०० मेगाहर्ट्झच्या मूळ ठोक्याला कितीने गुणायचं ते मालकाने ठरवावं. ४५ ने गुणलं की ४.५, म्हणजे त्याच पैशांत जवळजवळ एक तृतीयांश वेग जास्त. वर मिळालेल्या मापावर माणसाचा जीव जरा जास्तच जडतो. ‘आता हा डबा बदला की’ असं घरात कुणी म्हटलं की मी आधी तेच माप पुढे करतो.

हे वरचं माप येतं कुठून? सिलिकॉनच्या एकाच चकतीवर शेकडो चिप एकदम घडतात, पण सगळ्या सारख्या उतरत नाहीत. बागायतदार आंब्यांची प्रतवारी लावून पेट्या भरतो, तशी इथेही चाचणी घेऊन प्रतवारी लागते, आणि लेबलवरचा वेग त्या प्रतीतल्या सर्वांत अशक्त चिपलाही झेपेल असा ठेवलेला असतो. बाकीच्यांच्या अंगात ताकद शिल्लक राहते. ती किती, हे दुकानात कळत नाही. घरी आणून एकेक पायरी चढवत बघावं लागतं. प्रत्येक पायरीला प्राइम९५ लावायचा. जॉर्ज वोल्टमन यांचा हा प्रोग्रॅम अवाढव्य मूळ संख्या शोधण्यासाठी लिहिलेला आहे, पण चढवलेल्या प्रोसेसरची परीक्षा घेणारे त्याच्याकडे वेगळ्याच कारणाने जातात : त्याच्या गणितात एवढीशी चूक झाली तरी तो जागीच अडतो. रात्रभर पंखा घोंघावत राहतो, खोलीत कुणी नसतं, आणि मला मूळ संख्या नको असते. सकाळी फक्त एवढंच बघायचं असतं की यंत्र खोटं बोललं की नाही.

त्या वेगाची किंमत उष्णतेत मोजावी लागते. चिपमधली उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात, आणि जास्त वेगाला जास्त व्होल्टेज लागतंच. १.२ व्होल्टचं १.३५ केलं आणि ३.४ चा ४.५ केला, तर वेग वाढतो एक तृतीयांश, उष्णता सुमारे दोन तृतीयांश. विजेच्या बिलात ही उष्णता एकदा येते आणि मे महिन्यात खोली निववताना दुसऱ्यांदा.

तरीही हा धंदा वर्षानुवर्षं फायद्याचा ठरला. १९९८ साली सेलेरॉन ३००ए आला तेव्हा ३०० मेगाहर्ट्झचा हा स्वस्तातला प्रोसेसर बसचा वेग ६६ वरून १०० वर नेला की ४५० वर चालू लागे. पण तो काळच वेगळा होता. तेव्हा वेग इतक्या झपाट्याने वाढत होता की आज चढवलेलं यंत्र दोन-तीन वर्षांत म्हातारं व्हायचं. बदलावं की नाही हा प्रश्नच पडत नसे. २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत सोडून दिला आणि ती धाव उष्णतेच्या भिंतीवर आपटली. २५००के नंतरच्या पिढ्यांत एका ठोक्यात होणारं काम हळूहळू, पाच-दहा टक्क्यांनी वाढत गेलं. लेबलवरचा वेग फारसा हलला नाही. त्यामुळे २०१३ किंवा २०१५ साली नवा प्रोसेसर कागदावर चांगला पुढे दिसायचा, पण त्याची गाठ चढवलेल्या २५००के शी घातली की त्यातला बराचसा फरक विरून जायचा. २०१२ मध्ये तर कंपनीने झाकणाखालच्या सोल्डरऐवजी पेस्ट भरली. नवा प्रोसेसर चढवताना जुन्यापेक्षा जास्त तापू लागला. हा करंटेपणा मला अजून पटलेला नाही.

मार्च २०१७ मध्ये एएमडीचा आठ कोअरांचा रायझेन आला आणि हिशेब बदलला. साध्या घरगुती बोर्डावर दहा वर्षं चार कोअरांपुढे न गेलेल्या इंटेलनेही त्याच वर्षी सहा कोअर दिले. इथे माझ्यासारख्या जुन्या चढवणाऱ्याची पंचाईत होते. ठोका वाढवता येतो, कोअर वाढवता येत नाहीत.

म्हणून प्रश्न कामाचा आहे. माझ्या संगणकात टास्क मॅनेजर एकूण २५ टक्के दाखवत असेल आणि काम तरी रेंगाळत असेल, तर बहुधा एकच कोअर राबतोय आणि तिघे बसून आहेत. अशा कामाला आठ कोअर दिले तरी काही होणार नाही. मजकूर, हिशेब, जुने खेळ, नेटवरचं वाचन यांत माझा डबा आजही कुणाला हार जात नाही. पण फुटाळा तलावावरच्या पाणपक्ष्यांचे फोटो काढून आणले आणि त्यांचा दाणेदारपणा काढायला बसलो की चारही कोअर १०० टक्क्यांवर जातात आणि तिथेच राहतात. शिवाय काही नवे प्रोग्रॅम एव्हीएक्स२ नावाच्या सूचना मागतात. त्या इंटेलमध्ये २०१३ पासून आल्या. २५००के ला त्या ठाऊकच नाहीत, मग कितीही चढवा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हा प्रोसेसर नाही.

मधला मार्ग म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुना आय७-२६००के आणावा, असं एका मित्राचं म्हणणं. बोर्ड तोच, रॅम तीच, आठ थ्रेड पदरात. मला तो सौदा पसंत नाही. आधीच्या मालकाने त्याला किती व्होल्ट पाजले हे चिपच्या तोंडावर लिहिलेलं नसतं, आणि जास्त व्होल्टेजवर जास्त तापून काढलेली वर्षं आतल्या तारा हळूहळू झिजवतात.

नव्या यंत्रात चढवण्याची मजा जवळजवळ उरलेली नाही. ती शिल्लक ताकद आता कंपनीच आधी काढून विकते : २०२४ चा कोअर आय९-१४९००केएस कारखान्यातूनच ६.२ गिगाहर्ट्झपर्यंत चढणारा येतो. त्याच वर्षी इंटेलचे १३ व्या आणि १४ व्या पिढीतले काही प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. जादा व्होल्टेज हे कारण कंपनीनेच सांगितलं आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून दिली. हा आमचा जुना उद्योग कंपनीने केला, फक्त ग्राहकाला न विचारता.

मी बदलणार आहे, फोटोंसाठी. आणि प्रोसेसर बदलणं म्हणजे बोर्ड बदलणं, डीडीआर३ रॅम मोडीत काढणं आणि गरज पडली तर प्रोसेसरवरचा कूलरही नवा घेणं, हे धरून. तुमच्याकडेही असा चढवलेला डबा असेल तर नव्याची तुलना जुन्याच्या लेबलशी करू नका, तो आज ज्या वेगाने चालतोय त्याच्याशी करा. आणि तो रेंगाळत असताना टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसत असेल, तर प्रोसेसरचा विचार सोडा आणि एक एसएसडी घेऊन या.