राखलेला कागद

जलरंगात पांढरा राखावा लागतो. चित्रातली सर्वांत उजळ जागा म्हणजे कोरा कागद, त्यामुळे ब्रश कुठे न्यायचा नाही हे आधी ठरवून मगच पाण्याला हात लावायचा. माझी सारी उमेदवारी यातच गेली.

विद्यार्थिदशेत आम्ही घाटांवर बसायचो. नाशिकला गोदाकाठी, नाहीतर वाईजवळ मेणवलीला. काळ्या दगडासाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकत्र करायचे. अल्ट्रामरीनचे कण खरबरीत कागदाच्या खळग्यांत बसले, की पायरीचा पोत आपसूक उमटतो. ओल्या पायरीवरची चमक मात्र कुठल्याच ट्यूबमध्ये मिळत नाही. जवळजवळ कोरडा ब्रश आडवा ओढताना मधेमधे कागद सुटतो, तिथेच पाणी दिसू लागतं. लोक मला घाटांचा चित्रकार म्हणायचे. माझा जीव त्या सुटलेल्या ठिपक्यांत अडकलेला.

पुढे व्यक्तिचित्रांकडे वळलो, त्याला कारण सावळाराम हळदणकर. दिवा घेतलेल्या स्त्रीचं त्यांचं जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ज्योत तळव्याआड लपलेली, आणि बोटं आतून पेटल्यासारखी लालसर. पारदर्शक रंगाच्या पातळ थरातून प्रकाश आत शिरतो, कागदावरून उलटतो आणि रंग घेऊन बाहेर येतो. थर जाड झाला की ही ये-जा थांबते, कातडी मळकट दिसते. चेहऱ्यातही मी कपाळावरचा, नाकाच्या शेंड्यावरचा कागदच सांभाळत होतो.

आता गुडघे घाटाच्या पायऱ्या चढू देत नाहीत. टेबलावर तांब्या, दोन वाट्या, एक काचेची बाटली मांडतो. बोलोन्याच्या जॉर्जो मोरांडीने आयुष्यभर अशाच मोजक्या वस्तू रंगवल्या. त्याच्या अखेरच्या काही जलरंगांत बाटलीभोवतीची सावलीच तेवढी रंगवलेली असते, बाटलीच्या जागी नुसता कागद. मी अजून तिथवर पोचलेलो नाही, तांब्याची कड रेखल्यावाचून मला राहवत नाही.

नवी मुलं विचारतात, “सर, विषय कुठला घेऊ?” मी त्यांना जुनी चित्रं जमिनीवर ओळीने मांडायला लावतो. घाट असो, चेहरा असो, प्रत्येक चित्रात एकच अडचण पुन्हा पुन्हा डोकं वर काढताना दिसते. तीच धरून बसा, म्हणतो. समोर काय मांडायचं ते मग तीच सुचवते.