खात्री नसेल तर ती ओळ लिहू नये

एआरएम बोर्डावर काय काय जोडलेलं आहे, हे लिनक्स कर्नलला डिव्हाइस ट्रीमधून कळतं. तिथे टीपीएम या सुरक्षा चिपच्या नोंदीत ‘पॉवर्ड-व्हाइल-सस्पेंडेड’ अशी एक ओळ लिहिता येते. ओळ असली की ड्रायव्हर समजतो, सस्पेंडमध्येही चिपची वीज चालू राहते. नसली तर ती जाते असं धरून चालतो. माझं म्हणणं असं, की ही ओळ ड्रायव्हरच्या सोयीसाठी लिहूच नये, बोर्डाची वायरिंग पाहून लिहावी. सस्पेंड अडलं, एरर आली, की ही ओळ टाकण्याचा मोह होतो, तक्रार थांबतेही. पण त्या क्षणी आपण हार्डवेअरबद्दल खोटं लिहिलेलं असू शकतं, आणि त्याची किंमत सुरक्षेला मोजावी लागते. वीज जाणार असेल तर ड्रायव्हर टीपीएम २.० चिपला आधी शटडाउनची आज्ञा देऊन तिची स्थिती जतन करवतो. बूटच्या टप्प्यांची मोजमापं ज्यांत साठतात ती पीसीआर रजिस्टरं त्यामुळेच जाग आल्यावर परत मिळतात. ओळ असेल तर ड्रायव्हर ही आज्ञाच देत नाही. मग वीज खरोखर गेली, तर पीसीआरही गेले आणि त्यांच्याशी बांधलेली डिस्कची किल्ली उघडेनाशी झाली. त्याहून वाईटही घडू शकतं. जतन केलेली स्थिती नसताना काही चिपांचे पीसीआर जाग येताना कोरे होतात आणि हल्लेखोराला त्यांत हवी ती मोजमापं भरता येतात, हे कोरियन संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं.

कोणी म्हणेल, वीज राहते की जाते हे ड्रायव्हरने स्वतःच ओळखावं. पण वीज तोडायची की नाही, हे चिपच्या बाहेर, बोर्डाच्या पॉवर सर्किटमध्ये ठरतं. तीच चिप दोन बोर्डांवर दोन तऱ्हांनी वागू शकते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मग जतन करण्याची आज्ञा सरसकट द्यावी, ओळ हवीच कशाला? जिची वीज जातच नाही, त्या चिपकडून प्रत्येक सस्पेंडला हे काम करून घेणं व्यर्थ आहे, म्हणून ओळीला जागा आहेच. मात्र या आक्षेपातूनच नियम निघतो: राहून गेलेली ओळ बहुधा थोडा वेळ खाते, चुकीने लिहिलेली ओळ विश्वासाचा पायाच काढून घेते. म्हणून आधी सर्किट आकृतीत चिपची पॉवर रेल शोधावी, मग बोर्ड सस्पेंड करून चिपच्या व्होल्टेज पिनवर ऑसिलोस्कोपचा प्रोब धरावा. जाग येईपर्यंत व्होल्टेज एकदाही पडलं नाही, तरच ओळ लिहावी.