बारा व्होल्ट कधी बारा नसतात

प्रिय प्रोग्रॅमेबल पॉवर सप्लाय,



इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये कौतुक होतं ते ऑसिलोस्कोपचं. पाहुणे आले की आधी तोच दाखवला जातो. तू टेबलाच्या कडेला उभा असतोस आणि तुझ्या डोक्यावर मल्टिमीटर, वायरींचं भेंडोळं असं काहीबाही ठेवलेलं असतं. ‘जरा पाच व्होल्ट लाव’ एवढंच काम तुला सांगितलं जातं. हे मला मनापासून खटकतं, म्हणून हे पत्र सगळ्यांच्या देखत लिहितो आहे. एखादं उपकरण गिऱ्हाइकाच्या घरी टिकेल की नाही, याची सर्वांत कठीण परीक्षा तूच घेऊ शकतोस. ती परीक्षा घ्यायची मात्र बहुतेकदा राहूनच जाते.

नव्या बोर्डाला पहिली वीज तुझ्याकडून मिळते. जाणता माणूस आधी करंट लिमिट लावतो, मग व्होल्टेज: समजा शंभर मिलिअँपिअर आणि पाच व्होल्ट. आउटपुटचं बटण दाबल्यावर पडद्यावरचं ‘सीव्ही’ जाऊन ‘सीसी’ आलं आणि पाचाचे ०.२ व्होल्ट झाले, की ओळखायचं, बोर्डावर कुठेतरी शॉर्ट आहे. सीव्ही असताना तू व्होल्टेज स्थिर धरतोस. सीसीमध्ये बोर्ड कितीही मागो, तू करंट हद्दीबाहेर जाऊ देत नाहीस आणि व्होल्टेज खाली घेतोस. दोन-तीन अँपिअरच्या अ‍ॅडॉप्टरवर त्या बोर्डाचा धूर निघाला असता. तुझ्यावर तो दुरुस्तीच्या लायकीचा राहतो.

तो शॉर्ट शोधायलाही तूच कामाला येतोस. व्होल्टेज एकवर आणायचं म्हणजे बाकीच्या आयसींना धक्का लागत नाही. मग लिमिट हळूहळू अँपिअर-दीड अँपिअरपर्यंत वाढवायचं आणि बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ थर द्यायचा. ते जिथून आधी उडून जातं, तिथला कपॅसिटर किंवा आयसी तापलेला असतो. महागडा थर्मल कॅमेरा नसलेल्या दुरुस्तीवाल्यालाही ही युक्ती जमते.

तुझ्यावर डोळे झाकून विसंबू नये, हेही मला सांगायचं आहे. तुझ्या आउटपुटवर कपॅसिटर असतो. तीस व्होल्टवर आउटपुट चालू ठेवून कोणी थेट एलईडी जोडला, तर लिमिट लागू व्हायच्या आत तो कपॅसिटर एलईडीत रिकामा होतो आणि एलईडी जातो. म्हणून आधी जोडायचं, मग आउटपुट चालू करायचं. दुसरी गोष्ट वायरींची. जाऊन-येऊन ०.१ ओहम रोध असलेल्या वायरींतून पाच अँपिअर गेले, की वाटेतच अर्धा व्होल्ट पडतो. तुझा पडदा ३.३ दाखवतो आणि बोर्डाला मिळतात २.८. त्यासाठी रिमोट सेन्सच्या दोन वेगळ्या वायरी असतात. त्या थेट बोर्डाच्या टोकाशी व्होल्टेज मोजतात आणि तेवढी भर तू घालतोस. ज्या सप्लायमध्ये ही सोय आहे, त्यांच्यातही ती कित्येकदा वर्षानुवर्षं वापराविना पडून असते.

आता मुख्य मुद्दा. स्वच्छ, स्थिर वीज देणारे सप्लाय पुष्कळ आहेत. तुझं मोठेपण असं की, तू वाईट वीजही हुकमानुसार देतोस आणि शंभर वेळा तशीच देतोस.

मोटारीचंच बघ. ‘बारा व्होल्टची बॅटरी’ म्हणतात खरी, पण पूर्ण चार्ज होऊन स्वस्थ पडलेली असेल तर ती १२.६ च्या आसपास असते. इंजिन चालू असताना अल्टरनेटरमुळे १४ च्या घरात जाते. स्टार्टर फिरतो तेव्हा शेकडो अँपिअर ओढले जातात आणि थंडीच्या सकाळी व्होल्टेज क्षणभर सहा-सात व्होल्टपर्यंतही कोसळतं. मग ते डळमळत वर येतं. या सगळ्या गोंधळात गाडीतल्या कंट्रोल युनिटने शुद्ध हरपू नये, ही अपेक्षा असते. आयएसओ १६७५०-२ या मानकात अशा चढउतारांचे आराखडेच घालून दिलेले आहेत. पुण्यातल्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेपासून चाकण-भोसरीच्या सुट्या भागांच्या कारखान्यांपर्यंत, गाडीतलं इलेक्ट्रॉनिक्स तपासणाऱ्या प्रत्येकाला हा विषय रोजचा आहे. काही मिलिसेकंदांचा तो खड्डा हाताने नॉब फिरवून कोणालाही पाडता येणार नाही. लिस्ट मोडमध्ये इतके व्होल्ट, इतका वेळ, असे टप्पे भरून दिले की तू तो पाडतोस. तुझ्या सगळ्याच भावंडांना व्होल्टेज तितक्या झटपट खाली आणता येत नाही. लोड हलका असला की आउटपुटचा कपॅसिटर रेंगाळत रिकामा होतो. म्हणून विकत घेताना नुसते व्होल्ट-अँपिअर न बघता व्होल्टेज उतरायला किती वेळ लागतो, हेही माहितीपत्रकात बघावं.

बॅटरीवरच्या छोट्या उपकरणांचीही तीच कथा. लिथियम-आयन सेल भरलेला असताना ४.२ व्होल्टचा असतो आणि तीनच्या आसपास आला की रिकामा समजतात. टेबलावर ३.७ लावून ‘चालतंय’ म्हणणारा त्या सगळ्या प्रवासातला एकच मुक्काम तपासतो. ४.२ पासून ३.० पर्यंत ०.०५ च्या पायऱ्यांनी उतरलं तर पंचवीस मुक्काम होतात. प्रत्येक ठिकाणी थांबायचं, वाय-फाय चालू करायचं, करंट नोंदवायचा. मग कळतं की ३.४ च्या खाली रेग्युलेटरचा श्वास कोंडतो आणि वाय-फायने करंटचा हिसका दिला की प्रोसेसर रीसेट होतो. गिऱ्हाइकाची ‘मधूनच बंद पडतं हो’ ही तक्रार नेमकी इथली असते. दुकानात चार्ज करून बघितलं की ते ठणठणीत चालतं आणि गिऱ्हाईक खोटं ठरतं.

हे पंचवीस मुक्काम कोणी हाताने करत बसू नये, यासाठी माणसांनी तुझ्यावर बरीच मेहनत घेतली आहे. उपकरणं आपसात बोलावीत म्हणून ह्युलेट-पॅकार्डने बस तयार केली. तीच १९७५ मध्ये आयईईई ४८८ हे मानक झाली. आज्ञांची भाषा एकसारखी असावी म्हणून १९९० मध्ये स्किपी आली. व्होल्टेज किती ठेवायचं, करंटची हद्द किती, आउटपुट चालू की बंद, आत्ता किती करंट जातोय, हे सगळं त्या भाषेत एकेका ओळीत सांगता-विचारता येतं. पायथनच्या वीस-तीस ओळी आणि एक यूएसबी केबल एवढ्यावर रात्रभर चालणारी तपासणी उभी राहते.

आणि तरीही कॉलेजच्या लॅबमध्ये तुझा वापर ठाण्याच्या अ‍ॅपलॅबच्या जुन्या नॉबवाल्या सप्लायसारखाच होतो. त्या जुन्या सप्लायनी पिढ्या शिकवल्या, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण तुझ्या मागच्या बाजूचा पोर्ट कोरा राहतो, तेव्हा विद्यार्थ्याचं नुकसान होतं. व्होल्टेज म्हणजे प्रश्नपत्रिकेत दिलेला आकडा, हा समज घेऊनच तो नोकरीला लागतो.

म्हणून हे पत्र वाचणाऱ्या शिक्षकांना विनंती, येत्या सत्रात निदान एक प्रयोग असा ठेवा, ज्यात विद्यार्थी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमने व्होल्टेज उतरवेल आणि आपलं सर्किट कुठे कोलमडतं ते नोंदवेल. कारखान्यातल्या आणि दुरुस्तीच्या दुकानातल्या माझ्या सोबत्यांना विनंती, लिमिट आधी लावा, आणि ‘पास’चा शिक्का मारण्याआधी उपकरणाला सर्वांत कमी, सर्वांत जास्त आणि मध्येच गचका खाणाऱ्या विजेवर चालवून बघा. नुसत्या स्वच्छ बारा व्होल्टवर तपासलेलं उपकरण हे न तपासलेलं उपकरण आहे.

तुझा,
एक टेस्ट इंजिनिअर