बिनब्रेकची

तिला ब्रेक नाहीत. निकामी झालेत असं नाही, कारखान्यातून निघतानाच बसवलेले नाहीत. दिवा, हॉर्न, आरसा, किक, स्टँड यांतलंही काही नाही. गिअर एकच. मागचं चाक फ्रेमला घट्ट बांधलेलं, शॉकॲब्सॉर्बरचे लाड नाहीत. 500 सीसीचं एकच सिलिंडर आणि वजन साधारण 77 किलो, म्हणजे आपल्या बुलेटच्या निम्म्याहूनही कमी. सुरू करायची तर ढकलावी लागते. ही स्पीडवे नावाच्या मोटरसायकल शर्यतीची गाडी.

परभणी जिल्ह्यातल्या देवगाव फाट्यावर सेलू, जिंतूर, मंठा अशा सगळ्या बाजूंच्या मोटरसायकली येऊन वळतात. कुणाला दुधाचे कॅन लटकलेले, कुणावर खताचं पोतं, कुणावर अख्खं कुटुंब. या गाड्यांना हजार कामं. तिला मात्र एकच काम आहे: मातीच्या लंबगोल ट्रॅकवर चार फेऱ्या मारायच्या, आणि प्रत्येक वळण डावीकडेच घ्यायचं. या एका कामासाठी तिनं बाकीचं सगळं अंगावरून उतरवून ठेवलं आहे.

शर्यत चौघांची. हेल्मेटवरच्या टोप्या लाल, निळी, पांढरी, पिवळी. समोर फिती ताणलेल्या. क्लच दाबलेला, इंजिन गरगरतंय, आणि शंकरपटात सुटण्याआधी बैलजोडी थरथरते तशी ती जागच्या जागी थरथरते. फिती वर उठायच्या आत त्यांना शिवलं की शर्यतीतून बाद. फिती उठल्या की तीनेक सेकंदांत ती शंभराचा वेग गाठते आणि पहिलं वळण समोर येतं. तिथे स्वार हँडल उजवीकडे फिरवतो आणि गाडी डावीकडे वळते! मागचं चाक जाणूनबुजून बाहेर घसरवलेलं असतं. पोलादी तळ ठोकलेला डावा बूट माती घासत जातो, आणि तिला सावरायला उजव्या मुठीतला ॲक्सिलरेटर एवढाच उपाय उरतो. घाबरून तो एकदम सोडला, तर चाक पकड घेतं आणि स्वाराला उडवून देतं. वळणात तिच्यावर ताबा ठेवायचा तो वेग देऊनच.

चार फेऱ्या, एक मिनिट, निकाल. पहिल्याला 3 गुण, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1, चौथ्याला शून्य. जागतिक अजिंक्यपदाची पहिली अंतिम फेरी 1936 साली लंडनच्या वेम्बलीवर झाली आणि ऑस्ट्रेलियाचा लायनेल व्हॅन प्राग जिंकला. न्यूझीलंडच्या आयव्हन मॉगरनं 1968 ते 1979 या काळात सहा विजेतेपदं मिळवली. 1995 पासून विजेता ग्रां प्री मालिकेतून ठरतो. एकेक टप्पा एकेका शहरात, आणि त्यात प्राग हे 1997 पासूनचं मालिकेचं जुनं ठिकाण.

ब्रेक नसणं हा तिचा माज वाटेल, पण ती तिची शिस्त आहे. चौघं हातभर अंतरानं धावत असतात. त्यात पुढच्यानं मधेच ब्रेक दाबला, तर मागचा त्याच्यावर आदळणारच. कुणालाच अचानक थांबता येत नाही, म्हणून प्रत्येकाला पुढच्याच्या चालीवर विश्वास टाकता येतो. स्वाराच्या मनगटाला बांधलेली एक दोरी मात्र इंजिनाशी जोडलेली असते. तो पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं. स्वतः थांबू न शकणाऱ्या गाडीनं पडलेल्या माणसाची एवढी काळजी घेतलेली आहे.

ती पेट्रोल पीत नाही, मिथेनॉल पिते. त्यामुळे इंजिन थंड राहतं आणि ताकदही जास्त मिळते, पण मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, म्हणून तिच्याजवळ सावध राहावं लागतं. जुन्या इंजिनांत एरंडेलापासून केलेलं तेल घालत. लहानपणी ज्याच्या नावानं आपण नाक दाबायचो, त्याच्या जळक्या वासावर या खेळाचे म्हातारे चाहते आजही जीव टाकतात.

तिचं एक घराणं आपल्या ओळखीचं आहे. झेकोस्लोव्हाकियातल्या दिविशोव गावात एसो नावाचा कारखाना या शर्यतीच्या गाड्या बनवायचा. 1964 मध्ये तो जावात विलीन झाला आणि पुढे जावाची स्पीडवे गाडी जगभर धावली. याच जावाच्या परवान्यावर इराणी कुटुंबाच्या आयडियल जावानं 1961 च्या सुमारास मैसूरला मोटरसायकली बनवायला घेतल्या, आणि पुढे त्यांनाच येझदी नाव मिळालं. किक मारायची ती दांडी आणि गिअर टाकायची ती दांडी एकच, दोन्ही बाजूंना दोन सायलेन्सर, आणि तो फटफट आवाज! 1996 मध्ये कारखाना बंद पडला. येझदी संसारात रमली, तिची ही चुलत बहीण मैदानातच राहिली.

आणि तिचं माहेर? या खेळाचा उगम बहुतेक जण ऑस्ट्रेलियातल्या वेस्ट मेटलंड गावी, 15 डिसेंबर 1923 च्या रात्रीच्या शर्यतींत मानतात. मैदान होतं कृषी प्रदर्शनाचं आणि पुढाकार होता तिथल्या कृषी संस्थेचे सचिव जॉनी हॉस्किन्स यांचा. शेतकऱ्यांच्या गर्दीत ती जन्मली आणि अजूनही तिला मातीच लागते. काही शर्यती झाल्या की ट्रॅक्टर येऊन ट्रॅक सपाट करतो आणि टँकर पाणी मारून धूळ बसवतो.

ट्रॅक्टर, टँकर, मोकळं मैदान, मशीन उघडून पुन्हा जोडणारे मिस्त्री आणि वेगाचं वेड असलेली पोरं, यातलं परभणी जिल्ह्यात काय नाही? ही पोरं आज एसटी आणि उसाच्या ट्रॉल्यांच्या मधून हायवेवर शर्यत लावतात आणि त्यातली काही घरी परतत नाहीत. कृषी विद्यापीठाच्या जिल्ह्यात तीनशे मीटरचा एक बंदिस्त ट्रॅक, टोपी, बूट, मनगटाची दोरी आणि एक खमका पंच एवढं जरी उभं राहिलं, तरी वेगाला घर मिळेल. हायवेवरचा वेग कुणाच्याही भरवशाचा नसतो. तिच्या ट्रॅकवर सगळा खेळच भरवशाचा आहे, आणि तो आपल्या पोरांना शिकवण्यासारखा आहे.