तार आणि मोबाईल

आमच्या लहानपणी गावात तार आली की वाचण्याआधीच बाया रडू लागत. शब्दागणिक पैसे पडत, म्हणून मजकूर चार शब्दांचा. पण तेवढ्यावर माणसे मिळेल त्या एस.टी.ने निघत. ती तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

२००६ साली ट्विटर निघाले, त्यावर सुरुवातीच्या काळात १४० अक्षरांची मर्यादा होती. करंजाड्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र हवे तेवढे लिहा, शब्दाला पैसे नाहीत. तरी आम्ही चारच शब्द लिहितो.

परवा कामावर असताना ग्रुपवर कळले, खालच्या मजल्यावरचे काका दवाखान्यात वारले. मी 'भावपूर्ण आदरांजली' लिहिले, हात जोडल्याचे चित्र टाकले आणि कामाला लागले. रात्री गावाहून आईचा फोन आला. तिला सांगितले, तर म्हणाली, "मग जाऊन आलीस का गं?"

एक जिना तर उतरायचा होता. मी गप्प झाले.

सकाळी गेले. काकू म्हणाल्या, "मोबाईलवर पन्नास जण आले, बाई. दारात तू तिसरी."

भगिनींनो, निरोप जरूर पाठवा. पण त्याच्या मागोमाग आपणही निघा.