बंडखोराचे केस

मुंबईच्या ‘रॉक मशीन’ या बँडचा पहिला अल्बम १९८८ साली आला. नाव ‘रॉक अँड रोल रेनिगेड’, म्हणजे बंडाची घोषणा नावातच. उदय बेनेगलचा आवाज, महेश तिनईकरची गिटार, मागे कीबोर्ड आणि सगळ्यांनी मिळून ओरडायचं ध्रुवपद. वळण सरळसरळ अमेरिकी ग्लॅम मेटलकडे झुकणारं. तिकडे या प्रकाराला चेष्टेने ‘हेअर मेटल’ म्हणत, कारण गाण्याच्या आधी केस दिसायचे. ‘पॉयझन’च्या १९८६च्या पहिल्या अल्बमवर चार बाप्ये ओठ रंगवून, केस फुलवून बघत असतात. घरच्यांना चिडवायला एवढं पुरे.

मी मात्र ही कॅसेट छत्रपती संभाजीनगरात ऐकली, तीही फार उशिरा, एका मित्राकडे. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. लांब केस आणि रंगवलेला चेहरा यांचं मराठवाड्याला कसलं अप्रूप? मरीआईचा पोतराज दारात यायचाच. कपाळभर कुंकू, कंबरेला रंगीत चिंध्यांचा घेर, पायात घुंगरं, पाठीवर सोडलेले केस आणि स्वतःच्याच अंगावर ओढलेला आसूड. याहून भडक वेश लॉस एंजेलिसच्या कुठल्या क्लबात असेल असं मला वाटत नाही. फरक इतकाच की पोतराजाचे केस त्याच्या मर्जीचे नव्हते. देवीला सोडलेल्या पोराला कात्री लावायची नाही, असा दंडक. म्हणून आंबेडकरी चळवळीच्या हाकेने ज्यांनी ते केस उतरवले, आसूड टाकून दिला, त्यांचं बंड कापण्यात होतं. मुंबईत पोरं केस वाढवून बंडखोर होत होती. इथे ते कापणं हेच बंड होतं, आणि त्यासाठी गावाचा आणि देवीचा, दोघांचा राग पत्करावा लागे.

यावरून मुंबईचं बंड म्हणजे नुसता वेश, असा निकाल देणं सोपं आहे. तो मला पटत नाही. त्या काळी आपल्याकडे रॉक बँडने परक्यांची गाजलेली गाणी वाजवायची असा रिवाजच होता. ‘रॉक मशीन’नेही सुरुवात तशीच केली. ओळखीच्या गाण्यावर डोलायला आलेल्या पोरांपुढे स्वतःचं, कुणी न ऐकलेलं गाणं म्हणायचं, वर त्याचा अख्खा अल्बम काढायचा, याला हिंमत लागते. कपडे उसने असतील, गाणी उसनी नव्हती. (उसनेपणाचा बाऊ मराठी माणसाने तर करूच नये. अण्णासाहेब किर्लोस्करांनी पारशी नाटक मंडळींचा ‘इंद्रसभा’ हा खेळ पाहिला, आणि १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ हे मराठी संगीत नाटक उभं राहिलं, कथा कालिदासाची.)

त्याच १९८८ साली आमच्या शहरात मात्र नावांवरून रण पेटलं होतं. मे महिन्यात बाळासाहेब ठाकऱ्यांनी औरंगाबादचं संभाजीनगर झाल्याचं भरसभेत जाहीर केलं. कागदोपत्री ते व्हायला २०२३ उजाडलं. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला होता जुलै १९७८मध्ये. त्यानंतर दलित वस्त्या जळल्या, माणसं मारली गेली, नामांतरासाठी लाँग मार्च निघाला, आणि ठराव तसाच पडून राहिला. भिंतींवर घोषणा, रात्री चौकात भीमगीतं. बंडखोरीची कॅसेट विकत घ्यायची गरज इथे कुणाला भासली असेल?

नाव तर त्या बँडनेही बदललं. १९९३ साली ‘रॉक मशीन’चं ‘इंडस क्रीड’ झालं. बँडमधल्यांनी बसून ठरवलं की झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरात नांदेडला गौतम वाघमारे या तरुणाने नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतलं. विद्यापीठाचा नामविस्तार झाला तो त्यानंतर, १४ जानेवारी १९९४ला.